माझ्या माऊसमध्ये शिरलेला चोर

हेस्टोया बेट, नॉर्वे
१४ जानेवारी

आत्या,

हे घे, लिहिलं पत्र. बसथांब्यावर तिकीट हातात देताना तू घातलेली अट मी विसरलेलो नाही, फक्त उशीर झाला. "फोनवर तू नुसता हं हं करतोस, कागदावर निदान वाक्य तरी पुरं करावं लागेल," म्हणाली होतीस. तर ही बघ पुरी वाक्यं. शाळेतल्या बाईंनी वाचली तर त्यांना भोवळ येईल.

काम ठीक आहे. दिवसभर पट्ट्यावरून सालमन मासे येतात आणि मी पोट साफ करणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी उभा असतो. मासा वेडावाकडा आला की सरळ करायचा, बस. मला आयुष्यभर सगळे 'सरळ हो' म्हणत आले, आता मी ते माशांना म्हणतो. मासे तरी ऐकतात. नॉर्वेजियन लोक आमच्या बोलण्याला हसतात, आम्ही स्वीडिश पोरं त्यांच्या डब्याला हसतो, फिट्टंफाट.

आता मुद्द्याचं. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात इथल्या गावच्या सभागृहात गेमिंगचा मेळा भरतो. सगळ्या बेटांवरची पोरं कॉम्प्युटर, गाद्या आणि चिप्सच्या पिशव्या घेऊन येतात आणि तिथंच पथारी पसरतात. कारखान्याचा पाच जणांचा संघ असतो. कप्तान रग्नफ्रिड, पॅकिंगमध्ये काम करते, आवाज फोर्कलिफ्टच्या भोंग्यासारखा. तिनं मला गोळीबाराच्या खेळात खेळताना पाहिलं आणि म्हणाली, "ए स्वीडिश, पाचवी खुर्ची तुझी." आत्या, मला आजवर कुणी कुठल्याच संघात घेतलेलं नाही. फुटबॉलला मी बाकीच्यांचे कोट सांभाळायचो. ही खुर्ची मला काही झालं तरी हवी आहे.

आणि नेमका तिथंच घोळ झाला आहे. मी नवा माऊस घेतला, त्याच जुन्या कंपनीचा. त्याच्या कडेला जादा बटणं असतात. कुठल्या बटणानं काय करायचं ते एका प्रोग्रामात ठरवून ठेवायचं. माझी सगळी मांडणी कंपनीकडच्या माझ्या खात्यात पडून आहे. लॉगिन केलं की ती आपोआप माऊसमध्ये उतरते, नाही केलं तर माऊस म्हणजे नुसती साबणाची वडी. खातं तुझ्या ईमेलवर आहे, कारण तुझ्याकडे राहायला आलो तेव्हा मला ईमेल नव्हता. पासवर्ड काय होता गं?

आणि माझा जुना कॉम्प्युटर, कीबोर्ड, माऊस कुणाला तरी देऊन टाक म्हटलं होतं. गेलं का ते?

मेल्कर


ग्रानोसेन, वार्मलांड, स्वीडन
२३ जानेवारी

मेल्कर,

वाक्यं पुरी आहेत. काही ठिकाणी एका वाक्यातून तीन निघाली असती, पण चालेल.

खुर्चीचं समजलं. दुसऱ्यांचे कोट सांभाळून घरी आलास की दार कसं आपटायचास ते या घरातल्या बिजागऱ्यांनाही आठवत असेल. तेव्हा खुर्ची धरून ठेव.

पासवर्ड 'बेटन'. माझ्या ओंडके वाहायच्या यंत्राचं नाव. "तुझ्या तोंडी दिवसभर तिचंच नाव असतं, तेच ठेवू," असं तूच म्हणाला होतास.

जुनं सामान तुझ्या खोलीतून हललं आहे. चांगल्या घरी पडलं आहे, त्याचा विचार करू नकोस.

रविवारी तू फोन केलास ते नंतर दिसलं. मी लाकडाच्या शेडमध्ये होते, ऐकू आला नाही. खुबा तसाच दुखतो. डॉक्टर म्हणतात, आता यंत्रावर चढणं बंद. बरं, बंद. मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं, ते कुठलाही डॉक्टर लिहून देत नाही. पण माझं बरं चाललं आहे, तुला वाटतं त्याहून बरंच.

हातमोजे दुहेरी घाल.

गुनवोर आत्या


हेस्टोया
२ फेब्रुवारी

आत्या,

'बेटन' चालत नाही. साधी बेटन, मोठ्या अक्षरातली बेटन, मागं आकडा लावलेली बेटन, सगळ्या बेटन घालून पाहिल्या. शेवटी प्रोग्रामच मला म्हणाला की तू फार वेळा चुकलास, आता जरा थांब. अगदी आपल्या गणिताच्या मास्तरांसारखं.

मग 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. त्यानं तुझ्या ईमेलवर कोड पाठवला. मी लगेच तुला फोन केला, तू उचलला नाहीस. परत कोड, परत फोन. असं बराच वेळ चाललं. आत्या, एवढं कसलं लाकूड फोडतेस? अख्खं वार्मलांड तोडून शेडमध्ये रचते आहेस का?

इकडे रग्नफ्रिड रोज विचारते, "स्वीडिश, झालं का तुझं?" मी रोज म्हणतो, होतंय. तिनं काल सुकवलेल्या माशाचा तुकडा माझ्यावर रोखून सांगितलं, की राखीव खेळाडू एक आहे आणि त्याला पासवर्ड पाठ असतो.

तो कोड तेवढा पाठव.

मेल्कर


ग्रानोसेन
९ फेब्रुवारी

मेल्कर,

कोड आले आहेत. एक नाही, सात. कुठला हवा ते तू लिहिलं नाहीस म्हणून सगळेच पाठवते, तुझ्या पसंतीनं घे:

४४१९०२, ८०७७१३, १५५६२०, ९९०३४८, २३६७७१, ७०१११४, ६१८५०९.

मला स्वतःला तिसरा आवडला, लक्षात राहायला सोपा. पाकिटावर लाल पेनानं 'तातडीचं' लिहिलं आहे. टपाल हल्ली एक दिवसाआड येतं, म्हणून पत्र घेऊन स्वतः टपाल घेणाऱ्या दुकानापर्यंत गेले.

आणखी एक आठवलं. आठवीत असताना तू पासवर्ड बदलला होतास. टाइप करताना तो एकेक अक्षर लावून मोठ्यानं म्हणायचास, मला चुलीपाशी ऐकू यायचा. 'शाळागेलीखड्ड्यात'. सगळं सलग. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण निदान स्पेलिंग बरोबर होतं.

आत्या


हेस्टोया
१८ फेब्रुवारी

आत्या,

तुझे सात कोड आमच्या कामगारांच्या अख्ख्या निवासात वाचून दाखवले. लिथुएनियाची पोरं हसून जमिनीवर पडली. अगं, तो कोड दहा मिनिटं जगतो! तुझे सातही वाटेत कधीच मेले, माझ्या हातात सात मढी आली. पण लाल पेन बघून बरं वाटलं हं.

'शाळागेलीखड्ड्यात' मात्र पहिल्या फटक्यात चाललं. आयुष्यात पहिल्यांदा शाळेचा काही उपयोग झाला.

पण आता नवंच लफडं. लॉगिन झालं, मांडणी उतरली, आणि ती माझी नव्हेच! माझ्या कडेच्या बटणावर धुराचा गोळा फेकणं होतं. ते दाबलं तर माझा शिपाई मागं मागं चालत गेला, खाली बसला आणि हातातली बंदूक जमिनीवर ठेवून दिली. भर लढाईत! समोरचा शत्रूसुद्धा क्षणभर गोळी मारायचा थांबला, त्याला वाटलं मी शरण येतोय. मी सगळी बटणं पुन्हा नीट बसवली. दुसऱ्या दिवशी तेच. मागं, खाली, टाकून दे. मागं, खाली, टाकून दे.

रग्नफ्रिड म्हणाली, "पुढच्या वेळी तुझ्या माणसानं बंदूक ठेवली, तर तू खुर्ची ठेव."

एक गोष्ट नक्की आहे, कुणीतरी चोर माझ्या खात्यात शिरलाय. मी काल पासवर्ड बदलला आणि 'सगळ्या ठिकाणांहून बाहेर काढा' असं बटण आहे ते दाबलं. बसला असेल आता बाहेर बोंबलत.

मेल्कर


ग्रानोसेन
२६ फेब्रुवारी

मेल्कर,

चोराला हाकललंस हे झकास केलंस. परक्याच्या वस्तूला हात लावणाऱ्यांची मला चीड आहे.

तुला आता यातलं कळतं, तर एक विचारते. माझ्या ओळखीची एक बाई आहे. तीही माऊसवाला काहीतरी खेळ खेळते, जंगलात ओंडके भरून वाहायचा. वयानं मोठी आहे, पण हात अजून पक्का. तिनं कडेच्या बटणावर छान बेत बसवला होता. एक बटण दाबलं की गाडी मागं येते, क्रेन खाली जाते, ओंडके गाडीतून उतरतात. खरं यंत्र तसंच चालतं. पण हल्ली दाबावं एक आणि व्हावं भलतंच. परवा तर तिचा निम्मा माल तळ्यात गेला आणि भोंगा वाजत राहिला. बरोबरची माणसं हसली. हे तिला मुळीच आवडलं नाही.

त्यात भर म्हणजे गेल्या आठवड्यात प्रोग्रामनं तिला चक्क बाहेर काढलं. तिनं कोड मागवला, तू लिहिलंस तसा दहा मिनिटांच्या आत घातला, नवा पासवर्ड ठेवला आणि परत आत गेली. तरी तिला वाटतं, की कुणी टवाळ पोरगा तिच्या मागं लागला आहे. काय करावं तिनं?

खुर्चीचं कळव.

आत्या


हेस्टोया
६ मार्च

आत्या,

त्या बाईला सांग, हे सगळीकडे चाललंय, चोरांची टोळीच असणार. तिला म्हणावं, दया दाखवू नकोस.

माझा चोर लेकाचा परत आला. त्यानं पासवर्डच बदलून टाकला! लॅपटॉपवर माझं खातं आतून अजून उघडं आहे म्हणून जमतंय. पण एकदा बंद झालं की मी बाहेर. म्हणून लॅपटॉप बंदच करत नाही. चार्जर लावून उशाशी ठेवतो, तान्ह्या बाळासारखा. जेवायला जाताना लिथुएनियाच्या पोरांना सांगून जातो, की जरा बघा, झाकण मिटू देऊ नका. मेळ्याला हा असा उघडा लॅपटॉप पावसापाण्यातनं सभागृहात कसा न्यायचा, देव जाणे.

आणि चोराची आवड तरी बघ. माझ्या कीबोर्डचे दिवे लाल-निळे होते, त्यानं देवदाराचा हिरवा आणि वर केशरी करून टाकले. रस्ता दुरुस्त करणाऱ्या लोकांच्या जाकिटासारखे. एवढा बेचव चोर मी पाहिला नाही.

काल सरावात पुन्हा बंदूक खाली ठेवली. रग्नफ्रिड ओरडली नाही. नुसती म्हणाली, "मेल्कर, मला तू हवा आहेस. पण हे असंच राहिलं तर राखीव पोराला बसवीन." आत्या, ती ओरडली असती तर परवडलं असतं. पहिल्यांदा नावानं हाक मारली, तीही यासाठी.

म्हणून सापळा लावलाय. बटणावर मजकूरही बसवता येतो. दाबणाऱ्याच्या पडद्यावर तो आपोआप टाइप होतो. मी चोराच्या लाडक्या बटणावरच एक निरोप ठेवला आहे. दाबेल तेव्हा कळेल बेट्याला.

मेल्कर


ग्रानोसेन
१४ मार्च

मेल्कर नोरलिंग,

मंगळवारी आम्ही नेहमीसारखे खेळायला बसलो होतो. आम्ही म्हणजे मी, सिक्स्टेन आणि जंगलातली आणखी दोन जुनी यंत्रवाली माणसं. ज्यांच्याबरोबर मी ऐन थंडीत बिघडलेल्या यंत्राखाली पालथी पडून कॉफी प्यायले आहे, अशी माणसं. मी गाडी माल उतरवायच्या जागी आणली. कडेचं ते बटण दाबलं. आणि सगळ्यांच्या पडद्यावर माझ्या नावापुढं उमटलं:

'चोरट्या, तुझ्या तोंडात शिळा मासा! माझ्या बटणांना हात लावशील तर बोटं मोडून ठेवीन. मेल्कर.'

चोराला धमकी देताना खाली सही कोण करतं रे, गधड्या?

सिक्स्टेननं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. मग हेडफोनमधून म्हणाला, "गुनवोर, मी तुझ्या बटणांना कधी हात लावला?" बाकीचे दोघे खेळ सोडून हसत होते. एकाचा दात निघाला असं तो म्हणतो, पण तो पहिल्यापासून हलत होता.

तर होय. ती ओळखीची बाई मीच. तुझा कॉम्प्युटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे, चांगल्या घरी म्हणजे माझ्याच. फोन ऐकू येत नाही कारण कानावर तुझे मोठे हेडफोन असतात. तुला सांगितलं नाही, कारण या पोरखेळात आयुष्य वाया घालवतोस म्हणून मीच तुला ओरडत आले. आता कुठल्या तोंडानं सांगू?

पण चोरी केली नाही. माझ्या हिशेबी प्रत्येक यंत्राला स्वतःची चावी असते. तू नवा माऊस घेतलास, त्याची नवी चावी. जुन्याची चावी जुन्यापाशी, म्हणजे माझ्यापाशी. आयुष्यभर यंत्रं अशीच चालवली. दोन यंत्रांना एकच चावी आणि इकडचा दांडा ओढला की तिकडची क्रेन हलते, असलं काही कुणी बनवेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जंगलात असं केलं असतं तर माणूस मेला असता.

असो. खुर्ची तुझी आहे आणि मेळा जवळ आला. नवा पासवर्ड 'क्रेनखाली'. मी सगळ्या वायरी काढल्या, सामान खोक्यात घालून कपाटात ठेवलं. लॅपटॉपला आता झोपू दे. सिक्स्टेनला सांगितलं, की मंगळवारी मला जमणार नाही.

नीट खेळ.

आत्या

ता. क. देवदाराचा हिरवा हा चांगला रंग आहे.


हेस्टोया
२० मार्च

आत्या,

पत्र पट्ट्यापाशी उभ्यानं वाचलं. इतका हसलो की चार-पाच मासे उलटे यंत्रात गेले आणि फोरमन धावत आला. त्याला काय सांगणार? म्हटलं, चोर सापडला, आमची आत्याच आहे.

मग दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा शेवटाशी थांबलो. मंगळवारी जमणार नाही म्हणजे काय? खोकं कपाटातून काढ. आत्ता. मला संघ मिळाला म्हणून तुझा मोडायचा, असली वाटणी मला नको.

चावीचं तुझं बरोबर आहे, नवी चावीच करायची. स्वतःचं खातं काढ, मग तुझी क्रेन तुझ्याकडं आणि माझी बंदूक माझ्या हातात. लक्ष देऊन कर. आधी माझ्या खात्यातून बाहेर पड. मग 'नवीन खातं' दाब. ईमेल दुसरा लागेल, दुकानातल्या पोरीला सांग, ती काढून देईल. पासवर्ड असा ठेव की स्वयंपाकघरात कुणाला ऐकू जाणार नाही. जन्मतारीख विचारेल, ती टाक. शेवटी 'मान्य' म्हण, वाचत बसू नकोस, कुणीच वाचत नाही.

रग्नफ्रिडला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या आत्याचा हात तुझ्याहून पक्का दिसतो. तिला विचार, ती गोळ्या मारते का?" मी म्हटलं, ती फक्त झाडांच्या मागं लागते.

'क्रेनखाली' चाललं. काल बंदूक हातातच राहिली.

मेल्कर


ग्रानोसेन
२५ मार्च

मेल्कर,

खोकं काढलं. खातं अजून पुरं झालेलं नाही, पण शनिवारी सकाळी बसून करणार आहे. दुकानातल्या पोरीनं ईमेल काढून दिला आणि वर म्हणाली, "काकू, तुम्ही पण?" मी म्हटलं, मी पण.

आज सराव म्हणून जरा पुढं जाऊन पाहिलं. पडद्यावर जन्मवर्षाचं एक चाक आहे, ते बोटानं फिरवावं लागतं. माझ्या सालापर्यंत फिरवता फिरवता हात भरून आला. इतकं मागं जायची त्या लोकांना सवय नसावी. शनिवारी चष्मा लावून करीन. शेवटी दुसरा एक ईमेल मागतात, अडीअडचणीला. तुझा घालते, तेवढाच पाठ आहे.

सिक्स्टेननं निरोप दिला आहे, की मंगळवारी माल तळ्यात गेला तरी चालेल, पण ये.

आणि शनिवारी तू माझी काळजी करू नकोस. खुर्चीवरून उठायचं नाही.

आत्या


हेस्टोया
३१ मार्च

आत्या,

उठलो खुर्चीवरून. तुझ्याचमुळं. ऐक.

शनिवारी पहिली फेरी जिंकलो. मी पाचव्या खुर्चीत, पाठीवर कारखान्याचं जॅकेट, माझा कोट दुसरंच कुणीतरी सांभाळत होतं. दुसरी फेरी आता सुरू होणार, पंच हात वर करतोय, आणि माझा फोन गुरगुरला. कंपनीचा ईमेल. 'गुनवोर या मुलीनं खातं उघडण्यासाठी आपली परवानगी मागितली आहे. दहा मिनिटांत उत्तर न आल्यास अर्ज रद्द होईल आणि हे नाव पुन्हा वापरता येणार नाही.'

आत्या, तू ते चाक फिरवता फिरवता वाटेतच उतरलीस! कंपनीच्या लेखी तू नऊ वर्षांची आहेस.

सभागृहात रेंज जेमतेम, ईमेल येतो पण आतला दुवा उघडत नाही, त्याला बाहेर जावं लागतं. मी रग्नफ्रिडकडं वळून म्हटलं, "मला जावं लागेल. माझी आत्या अल्पवयीन झाली." तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "पळ." आणि स्वतः उठून पंचांशी भांडायला गेली, की आमच्या टेबलाची वायर लोंबते आहे, कुणी अडकून पडलं तर जबाबदार कोण? ती वायर तिनंच पायानं खाली पाडली होती, मी पाहिलं.

बाहेर गारा पडत होत्या. जॅकेटाखाली फोन धरून दुवा उघडला. विचारलं, मुलीशी आपलं नातं? मी 'भाचा' लिहिलं. भाचा चालत नाही म्हणे, पालक हवा. खाली दोनच पर्याय, आई आणि वडील. मिनिटं चाललेली, बोटं गारठलेली. मी 'वडील' दाबलं.

तर सध्या मी तुझा बाप आहे. लागलीच तुझं खरं साल टाकायला गेलो, तर तो बदल पंधरवड्यानंतरच करता येतो म्हणे.

परत आलो तेव्हा पंचानं आम्हाला दंड लावला होता आणि दुसरी फेरी आम्ही गमावली. काहीजण म्हणतात दंडामुळं. रग्नफ्रिड म्हणते, आम्ही हरलो कारण आम्ही गाढवासारखे खेळलो, आणि त्यात पहिला नंबर तिचा स्वतःचा. राखीव पोरगा माझ्या खुर्चीकडं बघत होता. ती त्याला म्हणाली, "तिकडं काय बघतोस? तिथं मेल्कर बसतो." मग सगळ्यांना ओरडून सांगितलं, की शरद ऋतूत पुन्हा येऊ, हेच पाच जण.

आता तुझं. लहान मुलांच्या खात्याला कंपनी वेळ लावून देते. रोज संध्याकाळी सात वाजले की तुझ्या माऊसची जादा बटणं झोपी जातील आणि पडद्यावर झोपाळू अस्वल येईल. हे फक्त वडिलांना बदलता येतं. तुझा खेळ सातलाच रंगात येत असणार, म्हणून मंगळवारी दहापर्यंत वाढवून दिलंय. बाकीचे दिवस सात म्हणजे सात. जास्त हवं असेल तर रविवारी माझा फोन उचल आणि नीट विचार.

हट्ट केलास तर मंगळवारचे पण नऊ करीन.

मेल्कर